कळकलेलं ताक आणि गप्प राहिलेलं दूध

आजचा भाग एका क्रियापदापासून सुरू करते. 'कळकणे'. ताक कळकलं, आमटी कळकली, कोशिंबीर कळकली. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी हा शब्द आजीच्या तोंडून ऐकला असेल आणि निम्म्यांनी ऐकलाच नसेल, कारण आता घरात सगळं स्टीलचं आहे. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात राहिला की त्याला एक विचित्र कडवट, तुरट, धातूची चव येते, कधीकधी हिरवट कडाही दिसते. हे म्हणजे कळकणं.

आता हेच मी प्रयोगशाळेच्या भाषेत सांगते. भांड्याचा किंवा वेष्टणाचा काही अंश अन्नात उतरतो, त्याला 'मायग्रेशन' म्हणतात. मराठीत स्थलांतर. आमच्या न्हावऱ्यात स्थलांतर म्हटलं की ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यांसमोर येतात. गावात घोडगंगा साखर कारखाना, त्यामुळे शब्द ओळखीचा. पण धातूसुद्धा स्थलांतर करतो, प्लॅस्टिक करतं, छपाईची शाई करते. आज अन्नाची पिशवी, डबा, बाटली बाजारात आणायची तर हे स्थलांतर किती होतं ते मोजून घ्यावं लागतं. हा विषय मिलिग्रॅम, तापमान, कायद्याची कलमं असा कोरडा वाटतो. पण आपल्या पुणे जिल्ह्यात या विषयाचा एक इतिहास आहे आणि त्यात तान्ह्या बाळांचे जीव गेलेत. आज तोच सांगायचाय.

आधी कल्हईवाला

आमच्या घरी माळ्यावर एक पितळी पातेलं आहे. काठावर पणजीचं नाव कोरलेलं, लग्नातलं. बाहेरून काळवंडलंय. आतून मधेमधे पांढुरकं आणि मधेमधे पिवळं दिसतं. पांढुरकं दिसतं ती उरलेली कल्हई. पिवळं दिसतं तिथे ती उडालीय.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कल्हईवाला यायचा, जमिनीत छोटा खड्डा करून भट्टी लावायचा, भात्याने वारा घालायचा. भांडं घासून तापवायचं, त्यावर नवसागराची पूड टाकायची, म्हणजे पांढरा धूर निघायचा. हा धूर म्हणजे नुसता देखावा नव्हे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, ते तापलेल्या धातूवरचा गंजाचा थर काढून टाकतं, म्हणून कथील नीट चिकटतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून रस्त्याकडेची भट्टी पुरते. मग कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. चर्रर्र!

हे सगळं कशासाठी? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ तांबं विरघळवतो. कथलाचा थर मधे भिंतीसारखा उभा राहतो. म्हणजे बघा, 'अन्न आणि भांडं यांच्यामध्ये अडथळा हवा' ही कल्पना आपल्या घरांत कितीतरी पिढ्या आधीपासून होती. आणि भिंत पडलीय का, हे तपासायचं यंत्रही होतं. जीभ. ताक कळकलं की आजी म्हणायची, कल्हई गेली, बोलवा त्याला.

या यंत्रात एक खोट होती. जीभ फक्त आंबट पदार्थांच्या बाबतीत ओरडायची. दूध आंबट नसतं. दूध त्या भांड्यात तापवलं, दिवसभर ठेवलं, तरी ताकासारखं ते लगेच बोंब मारत नाही. आणि नेमकं दूधच आपण घरातल्या सगळ्यात लहान माणसाला पाजतो.

पोट फुगलेली बाळं

१८८७ साली कलकत्त्याच्या डॉक्टर सेन यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका आजाराचं वर्णन केलं. पुढे त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' हे नाव पडलं. नावातच 'इंडियन' आलं, कारण हा आजार मुख्यतः भारतीय उपखंडात दिसायचा. साधारण सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुलं. बाळ चिडचिडं व्हायचं, खायचं नाही, पोट मोठं दिसायला लागायचं. डॉक्टरांनी हात लावला की यकृत वाढून कडक झालेलं, त्याची कडा धारदार लागायची. मग कावीळ, पोटात पाणी. एकदा कावीळ झाली की बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. अनेक घरांत एकापाठोपाठ दोन-दोन भावंडं गेली.

विचित्र गोष्ट अशी की हा फक्त उपासमारीचा आजार नव्हता. खात्यापित्या, मध्यमवर्गीय घरांतली, खेड्यापाड्यांतली मुलंही त्यात होती. त्यामुळे कारण काय याच्यावर जवळजवळ शंभर वर्षं तर्क चालू राहिले. कुणी म्हणालं आनुवंशिक आहे, कारण भावंडांना होतो. कुणी म्हणालं विषाणू. १९७१ साली म्हैसूरच्या डॉक्टरांनी बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पिठातलं अफ्लाटॉक्सिन हे कारण मांडलं. प्रत्येक तर्काला थोडा आधार होता, पण कुलूप कुठल्याच किल्लीने पूर्ण उघडत नव्हतं.

१९७८ आणि १९७९ मध्ये दोन महत्त्वाचे शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आले. या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगवले तेव्हा पेशींमध्ये गडद कण दिसले. तांबं जिथे प्रथिनाला बांधून साठतं तिथे असे कण दिसतात. मग प्रत्यक्ष तांबं मोजलं. निरोगी माणसाच्या कोरड्या यकृतात एका ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांच्यात ते शेकड्यांमध्ये होतं, कित्येकदा हजाराच्या पुढे.

पण यावरून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. यकृत खराब झालं म्हणून तांबं साठलं, की तांबं साठलं म्हणून यकृत खराब झालं? आधी काय आणि नंतर काय? हे यकृताच्या तुकड्यावरून कळत नाही. त्यासाठी घरात जावं लागतं.

रास्ता पेठेतून स्वयंपाकघरापर्यंत

इथे पुणे येतं. रास्ता पेठेतलं केईएम हॉस्पिटल. आपल्या शिरूर तालुक्याला हे नाव परकं नाही. डॉ. बानू कोयाजींच्या काळात, १९७७ पासून, केईएमने वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं, ते पुढे जगभर माहीत झालं. त्याच केईएममध्ये डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित हे बालरोगतज्ज्ञ या आजाराची मुलं बघत होते. त्यांच्यासोबत ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ एम. एस. टॅनर काम करत होते.

त्यांनी विचारलेले प्रश्न साधे होते. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? कशात तापवता? कशात ठेवता? १९८३ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आजारी मुलांना वरचं दूध खूप लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं होतं. जी मुलं निरोगी होती त्यांच्यात हे चित्र तसं नव्हतं, ती अंगावरचं दूध जास्त काळ प्यायलेली. १९८७ मध्ये त्यांनी आजारी मूल आणि त्याच्याशी जुळणारं निरोगी मूल अशा जोड्या लावून पुन्हा तपासलं. चित्र तेच.

मग प्रयोगशाळेत उलटा प्रयोग झाला. पितळेच्या भांड्यात दूध ठेवायचं आणि दुधात तांबं किती उतरतं ते मोजायचं. १९८९ साली हे काम प्रसिद्ध झालं. दुधाने पितळेतून तांबं ओढलं आणि ते दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाला बांधलं गेलं. म्हणजे दूध इथे नुसतं भांड्यात बसलेलं नव्हतं. ते तांबं गोळा करून थेट बाळाच्या पोटात नेत होतं. आणि तान्ह्या बाळाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकण्यात मोठ्या माणसाइतकं तयार नसतं.

मंडळी, हीच मायग्रेशन टेस्ट. भांडं घ्या, त्यात अन्न ठेवा, ठरावीक वेळ आणि ठरावीक उष्णता द्या, मग अन्नात काय उतरलं ते मोजा. फरक इतकाच की आज आपण ही चाचणी वस्तू विकण्याआधी करतो. तेव्हा ती बाळं गेल्यावर झाली.

एक गोष्ट इथे थांबून सांगायला हवी. ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, आयांनी अंगावर पाजायला हवं होतं. पण ज्या आईला पहाटे शेतात जायचंय, जिला दूध पुरत नाही, जिला घरातली मोठी माणसं सांगतात की बाळाला वरचं द्या, तिने काय करावं? तिने घरातलं सगळ्यात चांगलं भांडं काढलं. दूध उकळून दिलं, म्हणजे स्वच्छतेची काळजीही घेतली. पितळ तर तेव्हा प्रतिष्ठेचं. पाजायचं बोंडलंही अनेक घरांत धातूचंच. तिच्या मायेत काही कमी नव्हतं. भांड्याची तपासणी करणारं कुणी नव्हतं.

कायदा होता की!

हो, कायदा होता. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याच्या नियमांत नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न खाण्यास अयोग्य मानलं होतं. २०११ च्या नियमांतही ते शब्द होते. पण हा कायदा विकणाऱ्यासाठी. इन्स्पेक्टर हॉटेलात जाणार, मिठाईच्या दुकानात जाणार. चुलीवरच्या पातेल्यापर्यंत कायदा पोचत नाही आणि पोचूही नये. तिथे फक्त माहिती पोचू शकते.

पुण्याच्या डॉक्टरांनी तेच केलं. ज्या घरांत एक मूल या आजाराने गेलं होतं, तिथे पुढच्या बाळाच्या दुधासाठी तांब्या-पितळेची भांडी वापरू नका, असं सांगितलं. १९९२ मध्ये हा आजार टाळता येतो का, यावरचं त्यांचं काम छापून आलं. दुसऱ्या बाजूने उपचारही चालू होते. पेनिसिलामिन नावाचं औषध शरीरातलं तांबं बांधून बाहेर काढतं. आजार लवकर ओळखला गेला तर त्या औषधाने काही मुलं वाचली आणि मोठी झाली.

दरम्यान बाजाराने आपलं काम केलं. बोहारीण दारात यायची, जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा द्यायची. लग्नात स्टीलची भांडी यायला लागली. पितळ मोडीत गेलं, किंवा आमच्यासारखं माळ्यावर. कल्हईवाल्याच्या हाका विरत गेल्या. आणि १९९० च्या दशकात हा आजार पुण्यात जवळजवळ दिसेनासा झाला. शंभर वर्षं डॉक्टरांना छळणारा आजार एका पिढीत गेला.

मग सिद्ध झालं का?

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू सांगायला हवी. सगळ्या डॉक्टरांना हे पटलं नाही. आक्षेप असा की देशभर करोडो घरांत पितळ होतं, मग सगळ्याच मुलांना का नाही झाला? अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्समधली तीन गावं तपासली. तिथल्या नळाच्या पाण्यात तांबं जास्त होतं, पण लहान मुलांमध्ये यकृताच्या अशा आजाराने मृत्यू सापडले नाहीत.

उत्तराचा एक मोठा तुकडा सापडला ऑस्ट्रियात. १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये टायरॉल नावाच्या डोंगराळ भागाचा अभ्यास आला. १९०० ते १९७४ या काळात तिथे १३८ तान्ही मुलं अगदी अशाच आजाराने गेली होती. ती कुटुंबं गाईच्या दुधात पाणी-साखर घालून ते तांब्याच्या भांड्यात तापवायची. तांब्याची भांडी गेली आणि आजार गेला. पण त्या कुटुंबांच्या वंशावळी पाहिल्यावर आनुवंशिक दोषाची खूणही स्पष्ट दिसली. म्हणजे दोन्ही हवं. शरीरात कमकुवत दुवा हवा आणि भांड्यातून तांबं हवं. एकटं काहीच पुरत नाही.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. कारण 'आम्ही आयुष्यभर पितळेत जेवलो, आम्हाला काय झालं?' हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. त्याचं उत्तर इथे आहे. तुम्हाला काही झालं नाही हे खरंच आहे. पण ज्याला झालं तो उत्तर द्यायला मागे राहिला नाही. सुरक्षिततेची मर्यादा ठरवताना धडधाकट माणूस धरून चालत नाही, सगळ्यात नाजूक जीव धरावा लागतो.

आजची प्रयोगशाळा

आता आजच्या काळात येऊ. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ मध्ये पॅकेजिंगचे वेगळे नियम आणले, ते १ जुलै २०१९ पासून लागू झाले. प्लॅस्टिकची चाचणी भारतीय मानक ९८४५ प्रमाणे होते.

गंमत म्हणजे चाचणीत खरं अन्न क्वचितच वापरतात. त्याऐवजी अन्नाचा सोंगाड्या घेतात. पाणीदार पदार्थासाठी शुद्ध पाणी. आंबट पदार्थासाठी ३ टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगर. मद्यासाठी पाणी मिसळलेलं अल्कोहोल. तेलकट पदार्थासाठी हेप्टेन नावाचं द्रावण. युरोपच्या नियमांत दुधासारख्या, पाण्यात स्निग्धांश मिसळलेल्या पदार्थांसाठी ५० टक्के अल्कोहोल वापरतात, कारण दूध साध्या पाण्यासारखं वागत नाही, हे आता सगळ्यांना कळलंय. मग ते द्रावण पिशवीत भरून ४० अंशांवर १० दिवस ठेवायचं, किंवा पदार्थ गरम भरणार असाल तर ७० अंशांवर २ तास. नंतर द्रावण आटवायचं आणि तळाशी उरलेला साका वजन करायचा.

मर्यादा किती? दर किलो अन्नामागे ६० मिलिग्रॅम, किंवा दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. हे दोन आकडे एकमेकांचे भाऊ आहेत. १० सेंटिमीटर बाजूचा एक चौकोनी डबा डोळ्यांसमोर आणा. त्यात एक लिटर, म्हणजे साधारण एक किलो अन्न मावतं. त्याला सहा बाजू, प्रत्येक बाजू एक चौरस डेसिमीटर. सहा गुणिले दहा, साठ. झालं. याशिवाय काही धातूंना वेगळी मर्यादा आहे. प्लॅस्टिकमधून उतरणाऱ्या तांब्यासाठी ती किलोमागे ५ मिलिग्रॅम.

आणि वर्तमानपत्र? डिसेंबर २०१६ मध्ये एफएसएसएआयने सांगितलं की वडा, भजी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाईतली रसायनं अन्नात उतरतात. २०१८ च्या नियमांत तर थेट मनाईच आली. कागदाला तेलाचा डाग पडतो तो आपल्याला दिसतो. कागदाकडून वड्याकडे काय येतं ते दिसत नाही. वाहतूक दोन्हीकडून चालू असते.

पितळ परत आलंय

हे सगळं आज का सांगतेय? कारण फोन उघडलात तर पितळेची कढई, पितळेचं पातेलं, तांब्याची बाटली यांच्या रील्स धडाधड येतात. 'पूर्वजांची परंपरा' वगैरे. मला पितळ आवडतं. पुण्याच्या तांबट आळीत आजही हातोड्याचे आवाज येतात, त्या कारागिरांना काम मिळावं असं मनापासून वाटतं. पण परंपरा उचलायची तर पूर्ण उचला. भांड्यासोबत कल्हईवालाही त्या परंपरेत होता. आतून चकचकीत पिवळंधमक दिसणारं भांडं फोटोत छान दिसतं. आपल्या आजीने त्यात ताक ठेवलं नसतं.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर साधं पाणी ठेवलं तर त्यातले जंतू मरतात, हे प्रयोगांमध्ये दिसलंय. ते खरं आहे. पण त्याच बाटलीत लिंबूपाणी भरलं की हिशोब बदलतो. दूध भरलं की पुन्हा बदलतो. म्हणून 'तांबं चांगलं की वाईट' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'कशात काय, किती वेळ आणि कुणासाठी' हा प्रश्न बरोबर. प्लॅस्टिकलाही हाच प्रश्न विचारा. पातळ पिशवीत उकळता चहा पार्सल घेताना विचारा. कोरडं पीठ त्यात ठेवणं वेगळं आणि उकळता चहा ओतणं वेगळं.

घरात पितळ वापरणार असाल तर आतली कल्हई बघा. पिवळं दिसायला लागलं की भांडं कल्हईला टाका, आणि त्यात आंबट शिजवू नका. आणि तान्ह्या बाळाचं दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत तापवू नका, ठेवू नका. थोड्या वेळासाठीही नाही. ही एवढी एक ओळ आजच्या भागातून तुमच्या वहिनीला, ताईला, मैत्रिणीला पाठवलीत तरी पुरे.

पुण्याच्या त्या डॉक्टरांनी महागडं यंत्र आणण्याआधी आयांना विचारलं होतं, 'दूध कशात ठेवता?' शंभर वर्षांच्या कोड्याचा धागा त्या तीन शब्दांत सापडला. पुढच्या वेळी एखादं नवं भांडं, नवी बाटली, नवं पार्सल घरात येईल, तेव्हा तेवढं विचारायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात!